फेस्टिव्हल ॲडव्हान्स आणि एलटीसी व्हाउचर: दिवाळीच्या दोन सरकारी योजना

२०२० च्या दसऱ्याआधी बेलापूर-ऐरोलीपासून ठाण्यापर्यंतच्या सोसायट्यांमध्ये एकच चर्चा होती, ‘केंद्रवाल्यांना (केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना) सरकारने पैसे दिले.’ कुणी दहा हजार म्हणायचं, कुणी लाखभर. खरं तर १२ ऑक्टोबरला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एका दमात दोन योजना जाहीर केल्या होत्या आणि लोकांनी त्यांची खिचडी केली. दोन्हींची मुदत ३१ मार्च २०२१, दोन्हींचा हेतू एकच: लोकांनी दुकानात जावं. एप्रिल-जूनमध्ये जीडीपी जवळजवळ २४ टक्क्यांनी आपटला होता, त्यामुळे घाई समजण्यासारखी होती.

फेस्टिव्हल ॲडव्हान्स ही साधी उचल. दहा हजार रुपये, बिनव्याजी, रुपे कार्डावर भरलेले, जास्तीत जास्त दहा हप्त्यांत पगारातून कापून घ्यायचे. म्हणजे दिवाळीला दहा हजार आले आणि पुढचे दहा महिने पगार हजाराने कमी. कर्मचाऱ्याला यात मिळालं काय? फक्त वाचलेलं व्याज. बाहेर १२ टक्क्यांनी कर्ज काढलं असतं तर जे व्याज पडलं असतं, ते जेमतेम साडेपाचशे रुपये भरतं. सरकारचाही फारसा खर्च नाही, दिलेलं सगळं परत येणार.

व्हाउचरचा हिशेब निराळा. एलटीसी म्हणजे फिरायला जाण्याचं भाडं. कोरोनामुळे फिरणं बंद, तेव्हा सरकार म्हणालं, ते भाडं वस्तूंवर खर्च करा. पण अटी पाहा. भाड्याच्या तिप्पट खर्च करायचा. त्याशिवाय दहा दिवसांच्या शिल्लक रजेचे पैसे घेणार असाल, तर तेवढाच खर्च आणखी. खरेदी १२ टक्के किंवा त्याहून जास्त जीएसटी असलेल्या वस्तूचीच, पैसे रोखीत द्यायचे नाहीत आणि जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल हवं.

बेलापूरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधल्या केंद्राच्या कार्यालयातला, रेल्वेचं भाडं मिळणारा एक कर्मचारी घेऊ. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून महिना ५४ हजार, घरात चार माणसं. माणशी ६ हजार धरून भाडं २४ हजार, दहा दिवसांच्या रजेचे १८ हजार. एकूण मिळणार ४२ हजार. त्यासाठी खर्च करायचा ७२ अधिक १८, म्हणजे ९० हजार. उरलेले ४८ हजार त्याचे स्वतःचे. शिवाय रजेच्या पैशावर कर लागतो, भाड्याच्या रकमेवर नाही. कमी खर्च केला तर पैसेही त्याच प्रमाणात कमी.

वाशीच्या सेक्टर १७ मध्ये अशा माणसाने टीव्ही, वॉशिंग मशीन घेतलं तर चालत होतं. बिल बायकोच्या नावावर असलं तरी चालायचं. पाडव्याला सोनं घेतलं तर मात्र नाही. सोन्यावर जीएसटी ३ टक्के, म्हणजे योजनेबाहेर. किराणा तर नाहीच. आपल्याकडे दिवाळीच्या खरेदीत सोनं पहिलं येतं आणि योजनेने तेच वगळलं. माझ्या मते यात सरकारचा हिशेब सरळ होता: सोनं कपाटात जाऊन बसतं, वॉशिंग मशीनमागे कारखाना चालतो. आणि जास्त कराच्या वस्तूवर तो कर सरकारकडेच येतो, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून उचल आणि व्हाउचर एकाच माणसाच्या कामाचे नव्हते. ज्याच्या खात्यात ४८ हजार पडून होते आणि ज्याला मशीन घ्यायचंच होतं, त्याची व्हाउचरने चांदी झाली. खालच्या ग्रेडवर, हप्त्यांनी टेकीला आलेल्या घराला दहा हजारांची उचलच बरी. पण मंदीतल्या सरकारच्या दृष्टीने गंमत अशी की पहिला माणूस ती खरेदी तशीही करणार होता. सरकारचा अंदाज होता की एलटीसीतून, राज्यं धरून, २८ हजार कोटींची मागणी उभी राहील. त्यातली नवी किती आणि पुढच्या वर्षाची अलीकडे ओढलेली किती, हे कुठल्याही बिलावर छापलेलं नसतं. उचलीचे दहा हजार तरी नक्की त्या दिवाळीत फिरले, फक्त पुढच्या दहा महिन्यांच्या बाजारातून वजा होऊन.

खासगी कंपनीतल्यांचा घोळ वेगळाच. २९ ऑक्टोबरला करसवलत त्यांनाही लागू झाली, त्यामुळे ‘आम्हालाही व्हाउचर’ असा समज पसरला. सरकारकडून त्यांना दमडीही येणार नव्हती. पगारात एलटीसी असेल आणि कंपनी देणार असेल, तर माणशी ३६ हजार किंवा खर्चाचा एक तृतीयांश, यातली कमी रक्कम करमुक्त, एवढंच. तेही जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यांनाच. ज्यांच्या पगारात एलटीसी नव्हतं, त्यांनी बिलं जपून ठेवली काय आणि फेकली काय, सारखंच.