पाच वॉट आणि साताऱ्याचा सडा : छोट्या रेडिओमागची शंभर वर्षं

जानेवारीतली दुपार, साडेचारचा सुमार. साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यावर, वारा सुटला होता. जांभ्यात खुंटी ठोकता येत नाही, म्हणून सहा मीटरचा कळक एका खुरट्या झाडाच्या बुंध्याला सुतळीनं आवळून उभा केला होता. त्याच्या शेंड्यावरून तारेचे पाच-पाच मीटरचे दोन हात दोन बाजूंना खाली आणून त्यांच्या टोकांच्या दोऱ्या दगडांखाली दाबल्या होत्या. मधून एक बारीक केबल खाली आलेली, तिच्या टोकाला वहीएवढा रेडिओ, एक बॅटरी आणि मोर्सची, म्हणजे टिंब-रेषांच्या लिपीत संदेश पाठवायची, की.

शेळ्या घेऊन आलेले एक मामा बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "एवढ्याशा डब्यातनं कुठवर जातंय हे?"

"मामा, आत्ता इटलीतल्या एका माणसाशी बोलणं झालं."

"मोबाइलवरनं?"

"नाही मामा. मोबाइल नाही, नेट नाही. ही तार आणि वरचं आभाळ, एवढंच."

मामा खाली बसले. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. आतमध्ये टिपटिप चालूच होती.

तो रेडिओ पाच वॉटचा. घरातला साधा एलईडी दिवा नऊ वॉटचा असतो. इटली साताऱ्यापासून सहा हजार किलोमीटरच्या पुढे. मामांच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं, आणि ती गोष्ट मला मनापासून सांगाविशी वाटते.

१२ डिसेंबर १९०१ला मार्कोनीनं अटलांटिकपलीकडून आलेली 'एस' अक्षराची तीन टिंबं ऐकली, तेव्हा तो न्यूफाउंडलंडमधल्या सिग्नल हिल नावाच्या टेकडीवर होता आणि त्याची तार पतंगाला बांधलेली होती. ऐकणारं टोक असं साधं असलं, तरी इंग्लंडमधलं पोल्ढूचं पाठवणारं टोक मात्र अवाढव्य होतं. त्यातून सगळ्यांनी धडा घेतला तो एवढाच, की लांब जायचं तर शक्ती प्रचंड हवी आणि लहरही लांबच लांब हवी. पुढची वीस वर्षं कंपन्या आणि नौदलं याच वाटेनं गेली.

१९१२मध्ये अमेरिकेत रेडिओचा कायदा झाला, तेव्हा धंदा म्हणून नव्हे तर छंद म्हणून रेडिओ चालवणाऱ्या हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरी देण्यात आल्या. त्या काळच्या समजुतीनुसार हा तुकडा बिनकामाचा. भावकीच्या वाटणीत धाकट्याच्या पदरात बरड माळ टाकावा, तसाच हा प्रकार. पण पाणी त्या माळालाच लागलं.

डिसेंबर १९२१मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकी हौशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसान इथं आला. थंडी-पावसात त्यानं शेतात तंबू ठोकला आणि जमिनीपासून थोड्या उंचीवर लांबलचक तार ताणून बसला. तिथं त्याला अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचे संदेश स्पष्ट ऐकू आले. रेडिओ घेऊन उघड्यावर जायचं आणि दूरचं पकडायचं, या आमच्या छंदाचं मूळ मी त्या तंबूत मानतो. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९२३मध्ये, फ्रान्समधल्या नीस शहरातला लेऑं दलॉय आणि अमेरिकेतला फ्रेड श्नेल यांनी ११० मीटरच्या आसपास एकमेकांशी दुतर्फा संपर्क साधला. टाकाऊ ठरवलेल्या लहरीवर दोघं हौशी अटलांटिक ओलांडून बोलले.

त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यात जवळचा वाटतो. १८ ऑक्टोबर १९२४ला लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर हा अठरा वर्षांचा मुलगा आणि न्यूझीलंडच्या शॅग व्हॅलीतला शेतकरी फ्रँक बेल यांचा संपर्क झाला. एक इंग्लंडात, दुसरा जवळजवळ पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. बेल पुढं शेतीत गुंतला तेव्हा त्याची बहीण ब्रेंडा हिनं ते केंद्र चालवलं, आणि ती न्यूझीलंडची पहिली महिला हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी, ठरली.

गॉयडरचं पुढं काय झालं, हे आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नसतं. १९३६मध्ये तो ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला. एवढ्या पसरलेल्या देशात प्रत्येक जिल्ह्याला मध्यमलहरी केंद्र देणं त्या वेळी शक्य नव्हतं. लघुलहर, म्हणजे तीच आखूड लहर, मात्र एका उडीत शेकडो मैल जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं लघुलहरी प्रक्षेपक सुरू झाले. शाळेतल्या पोरानं छंद म्हणून जे शिकून घेतलं, त्याच्यावर एका देशाची आकाशवाणी उभी राहिली.

ही उडी होते कशी? १९०२मध्येच केनेली आणि हेविसाइड या दोघा शास्त्रज्ञांनी वेगवेगळा अंदाज बांधला होता, की वातावरणात फार वर वीज वाहून नेणारा एक थर असावा. १९२४च्या अखेरीस अ‍ॅपलटननं इंग्लंडमध्ये प्रयोगानं तो सिद्ध केला आणि १९४७मध्ये त्याला नोबेल मिळालं. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी वरच्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्यांच्या थराला आपण आयनांबर म्हणतो. लघुलहर तिथून वाकून परत जमिनीवर येते. एका उडीत साधारण तीन हजार किलोमीटर, आणि जमिनीवर आपटून पुन्हा वर. साताऱ्याहून इटली म्हणजे दोन-तीन उड्या. मामांना मी हे सांगताना तळ्यात फेकलेल्या चपट्या दगडाची उपमा दिली, ती त्यांना लगेच पटली.

आपल्या भागाला यात निसर्गानं थोडं झुकतं माप दिलं आहे. भूचुंबकीय विषुववृत्त केरळच्या टोकाजवळून जातं. १९६३मध्ये अग्निबाणांसाठी थुंबा निवडलं गेलं ते त्यामुळंच. त्या रेषेच्या उत्तरेला आणि दक्षिणेला आयनांबर जास्त दाट असतं, आणि सूर्य मावळल्यावरही ते लगेच विरत नाही. संध्याकाळी सातच्या पुढंही वीस मीटर लहरीचा पट्टा उघडा, म्हणजे दूरचं ऐकू येणारा, सापडतो, तो यामुळं.

भारतात हौशी रेडिओची सुरुवात कलकत्त्यात झाली. १९२१मध्ये अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना 'टू जेके' आणि मुकुल बोस यांना 'टू एचक्यू' ही हवेतली ओळखनावं मिळाली. मुंबईच्या रेडिओ क्लबनं जून १९२३मध्ये प्रक्षेपण सुरू केलं, म्हणजे आपल्याकडचं प्रसारणही हौशी मंडळींनीच चालू केलं. महायुद्ध आलं तशी सरकारनं हौशी परवान्यांवर बंदी आणली.

याच काळातली एक गोष्ट सातारकराला सांगितल्याशिवाय राहवत नाही. २७ ऑगस्ट १९४२ला मुंबईतून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरला धाड पडेपर्यंत चालला. लहर होती ४२.३४ मीटर. हिशेब केला तर ७.०८ मेगाहर्ट्झ येतं, आणि ते आज आम्ही हॅम वापरतो त्या चाळीस मीटरच्या पट्ट्यात बसतं. तो रेडिओ चालू होता त्याच दिवसांत, ९ सप्टेंबरला, वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि आपल्या जिल्ह्यातली माणसं हुतात्मा झाली. त्या लहरीवर डायल फिरवताना आजही माझा हात क्षणभर थांबतो.

रेडिओ घेऊन घराबाहेर पडायची रीत नियमानं सुरू झाली ती १९३३मध्ये, अमेरिकेतल्या 'फील्ड डे'पासून. वीज गेली, तारा तुटल्या, तरी संपर्क चालू ठेवता यावा याचा तो सराव. युद्धात याच कसबाला धार आली. शत्रूच्या मुलखात उतरलेल्या ब्रिटिश हेरांकडं 'पॅरासेट' नावाचा डबीसारखा संच असायचा. त्याची ताकद जेमतेम चार-पाच वॉट, तरी तो युरोपातून इंग्लंडला पोचायचा. पण हे सगळे संच व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्हला तापवायला वेगळी वीज लागते आणि चालवायला चढा व्होल्टेज, म्हणजे बॅटरीचं ओझंच जास्त. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि रेडिओ खरोखर पिशवीत मावू लागला.

'क्यूआरपी' हा शब्द तारायंत्राच्या जुन्या सांकेतिक भाषेतला. त्याचा अर्थ, शक्ती कमी करा. १९६१मध्ये अमेरिकेत क्यूआरपीवाल्यांचा क्लब निघाला तेव्हा कमी शक्ती म्हणजे १०० वॉटच्या आत असं ठरलं होतं. आज आमच्यातल्या बहुतेकांच्या घरचा मोठा रिग, म्हणजे रेडिओ संच, १०० वॉटचा असतो. हळूहळू मर्यादा खाली आली आणि मोर्सला पाच वॉट, आवाजाला दहा वॉट हे सर्वमान्य झालं. इंग्लंडमध्ये १९७४मध्ये रेव्हरंड जॉर्ज डॉब्ज या धर्मोपदेशकानं जी-क्यूआरपी क्लब काढला. आपल्या हातानं छोटा रेडिओ बनवावा आणि त्यावर जग ऐकावं, हे वेड त्यांनी हजारोंना लावलं.

पाच वॉट पुरतात कसे, याचा हिशेब एकदा नीट समजून घेतला की भीती जाते. १०० वॉटवरून पाच वॉटवर आलो तर फरक १३ डेसिबलचा. रेडिओवर आलेल्या लहरीची ताकद दाखवणारा काटा म्हणजे एस-मीटर; त्याचं एक घर म्हणजे सहा डेसिबल. म्हणजे शक्ती वीस पटीनं घटवली तरी पलीकडच्या माणसाचा काटा दोन घरांहून थोडाच जास्त खाली येतो. जिथं 'पाच-नऊ' (आधी स्पष्टपणा, मग ताकद) मिळालं असतं तिथं 'पाच-सात' मिळेल. तेवढ्यात बोलणं होतं. उलट तार चांगली उंच, मोकळी बांधली तर ती दोन घरं वसूलही होतात.

भारतात हा छंद मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आणण्याचं मोठं काम हैदराबादच्या अशर फरहान यांनी केलं. परदेशी रिगच्या किमती आणि सीमाशुल्क पाहून अनेकांनी परवाना कपाटात ठेवून दिला होता. सन २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी 'बिटएक्स' हा वीस मीटरचा ट्रान्सिव्हर, म्हणजे पाठवणारा आणि ऐकणारा एकच संच, रचला आणि नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्यातले भाग आपल्या बाजारात मिळणारे. कॉइल गुंडाळायला परदेशी टोरॉइड, म्हणजे खास कडं, मिळत नसेल तर पाण्याच्या नळाचा वॉशर वापरा, असं त्यांनी लिहिलं. शेवटच्या टप्प्याला रेडिओ लहरींसाठीच्या महागड्या ट्रान्झिस्टरऐवजी आयआरएफ५१० हा स्विचिंगसाठीचा स्वस्त मॉस्फेट, म्हणजे एका जातीचा ट्रान्झिस्टरच.

माझा पहिला संच तसाच झाला. वॉशर पोवई नाक्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणले, मॉस्फेट आणि क्रिस्टल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. एनॅमलची तार वॉशरवर वेढे मोजत गुंडाळायची, प्रत्येक वेढा शेजारच्याला चिकटून बसला पाहिजे, आणि टोकाचं एनॅमल ब्लेडनं खरवडून तांबं चकाकलं की मगच सोल्डरचा डाग द्यायचा. एका टोकाला ते नीट खरवडलं नव्हतं म्हणून तीन आठवडे संच मुका होता. चूक सापडली त्या रात्री कानात पहिल्यांदा खरखर आली, तो क्षण अजून लख्ख आठवतो. त्याच परंपरेतला दहा वॉटचा, सगळे लघुलहरी पट्टे असलेला 'मायक्रोबिटएक्स' २०१७च्या अखेरीस आला. आपल्या देशातल्या माणसाची रचना आज जगभरच्या बाकांवर डागली जाते, याचा मला फार अभिमान वाटतो.

बाहेरच का जायचं, घरातून का नाही, असं नवे लोक विचारतात. कारण आहे गोंगाट. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, सोलरची यंत्रणा, या सगळ्यांचे स्विचिंग सप्लाय लघुलहरींवर सतत गुरगुरत असतात. माझ्या सदर बझारच्या गच्चीवर काटा काहीच ऐकू येत नसतानाही सातवर उभा असतो. यवतेश्वरच्या वर तोच काटा एकावर टेकतो. पलीकडचा माणूस पाचवर येत असेल तर गच्चीवर तो माझ्यासाठी नाहीच, सड्यावर मात्र स्वच्छ. पाच वॉटवर काम करणाऱ्याला इथला फायदा दुहेरी, कारण सड्याची कड जिथं तुटते तिथून लहर क्षितिजाच्या जवळून सुटते आणि पहिली उडीच लांब पडते. जांभा कोरडा असला की जमीन वीज नीट धरत नाही, उभा अँटेना तिथं उपाशी राहतो. त्यामुळं आपल्या सड्यांवर साधा डायपोल, म्हणजे मघाची दोन हातांची तार, उत्तम.

अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे, तेव्हा तिथं तार ताणण्यात अर्थ नाही. चाळकेवाडीला जागा छान, पण पवनचक्क्यांच्या जवळ बसू नये. कासच्या फुलांच्या पठारावर तर कुणीही खुंट्या-दोऱ्या घेऊन जाऊ नये. ते जागतिक वारशात आहे आणि तिथलं एक रोप तुडवलं तरी ते आपल्या छंदापेक्षा मोठं नुकसान. सांगलीकर मित्र दंडोबाच्या डोंगरावर जातात.

परवाना मात्र हवाच. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. पास झालं की 'व्हीयू'नं सुरू होणारं आपलं नाव मिळतं. परवान्यात चालवण्याच्या जागेबद्दल काय अटी आहेत, त्या डोंगरावर जाण्याआधी वाचून घ्याव्यात.

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७चा भूकंप आणि कृष्णेचे २००५ व २०१९चे महापूर पाहिलेल्या जिल्ह्यांत हे कसब नुसतं करमणुकीचं नाही. लातूर, भूज आणि २००४च्या त्सुनामीत अंदमान, तिन्ही ठिकाणी हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. तारेचं एक भेंडोळं, भरलेली बॅटरी आणि पाच वॉट हाताळणारी चार माणसं प्रत्येक तालुक्यात असावीत, असं मला कळकळीनं वाटतं.

जूनमध्ये अमेरिकेत फील्ड डे असतो तेव्हा आपल्या सड्यावर धुकं आणि पाऊस. आपला हंगाम दिवाळीनंतरचा. सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र २०२४च्या सुमारास शिगेला पोचून आता उतरणीला लागलं आहे. दहा आणि पंधरा मीटर हळूहळू गप्प होतील, रात्रीचा चाळीस मीटर कामाला येईल. त्यासाठी वीस मीटर तार कापून ठेवली आहे आणि कळकही यंदा आठ मीटरचा घेतला आहे. गवत वाळलं की वर जायचं, आणि पहिला 'सीक्यू', म्हणजे ऐकेल त्याला घातलेली साद, ७.०८ वर द्यायचा.