मांजराचा फिजिओ मांजराच्याच मर्जीने

कुत्र्याचा पाय दुखला की अख्ख्या वाड्याला कळतं. मांजर तसलं नाटक करत नाही, ते फक्त बाल्कावच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, सोप्यावर (बसायच्या कट्ट्यावर) उडी मारेनासं होतं, पाठ चाटायची सोडतं, नखं वाढून लादीवर टकटक वाजायला लागतात आणि आपण म्हणतो, म्हातारं झालं बिचारं. बऱ्याचदा तो संधिवात असतो. २००२ साली आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्सरे बघितले तर ९० जणांत सांध्यांची झीज दिसली. आता एक्सरेत दिसलं म्हणजे प्रत्येकाला दुखतंच असं नाही, तरी आकडा साधा नाही.

मग पडून राहू दे त्याला? तिथेच घोळ होतो. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्याच नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आत-बाहेर खेळतो सांधा दाबला-सुटला की, स्पंजासारखा. हालचाल थांबली की कूर्चा उपाशी, वर मांडीचे स्नायू सुकतात म्हणजे सगळा भार परत सांध्यावरच. स्कूटरची धडक बसून मांडीचं हाड मोडलेल्या कोवळ्या पिल्लाचा पाय जास्त दिवस बांधून ठेवला तर गुडघा कायमचा ताठ होऊ शकतो, म्हणून हाड पक्कं बसवलं की डॉक्टर लवकर हलवायला सांगतात.

मोठ्या शहरांत अशा व्यायामासाठी पाण्यातली ट्रेडमिल असते, म्हणजे पाण्याच्या टाकीतला चालायचा पट्टा. कुत्र्यांवर मोजलंय, पाणी घोट्यापर्यंत असलं तर पायांवर ९१ टक्के वजन येतं, खुब्यापर्यंत भरलं की ३८च. काही मांजरंही त्यात चालतात, पण सगळीच कुठली ऐकायला!

घरचा उपाय जास्त चालतो, आणि त्याला लाच लागते. उकडलेल्या बांगड्याचे काटे काढून बारीक तुकडे करायचे, झाडूचे दांडे जमिनीवर अंतराअंतराने आडवे ठेवायचे आणि तुकडा पलीकडे धरायचा, मांजर आपोआप एकेक पाय उचलून ओलांडतं. वाटी कधी पायरीवर ठेवायची, म्हणजे पुढचे पाय वर गेले की मागच्यांवर वजन येतं. गुळगुळीत लादीवर पाय सटकतात तिथे रबरी मॅट हवीच. दोन-चार मिनिटं पुरे, शेपटी आपटायला लागलं की बंद, जबरदस्तीने धरलंत तर अंग आखडतं आणि उद्या पलंगाखालून बाहेरच येत नाही. पावसाळ्यात जुनं दुखणं आखडलं असेल तर कोमट फडक्याचा शेक द्या, आधी आपल्या मनगटावर बघून.

पॅरासिटामॉल मात्र चुकूनसुद्धा नको. ते पचवून बाहेर टाकणारं एन्झाइम मांजराच्या यकृतात फारच कमी, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

आणि व्हेटकडे जाताना मोबाइलवर व्हिडिओ घेऊन जा, जिना चढतानाचा आणि उतरतानाचा, कारण दवाखान्याच्या टेबलावर ते दगड होऊन बसणार, एक पाऊल टाकून दाखवणार नाही.