ब्रिटनमधल्या घरात हीट पंप: ७,५०० पौंडांचं अनुदान, पात्रता आणि कागदपत्रं

इंग्लंड किंवा वेल्समध्ये स्वतःचं घर आहे आणि गॅसचा बॉयलर दर हिवाळ्यात कुरकुर करतोय, अशांसाठी ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’ आहे: बॉयलरऐवजी हीट पंप बसवायला सरकारी अनुदान. २०२२ मध्ये ती सुरू झाली तेव्हा हवेतून उष्णता घेणाऱ्या हीट पंपाला ५,००० पौंड मिळत. ऑक्टोबर २०२३ पासून ही रक्कम ७,५०० झाली. उत्पन्नाची अट नाही. व्हिसा कुठला, पासपोर्ट कुठला, याचीही अट नाही. तुमच्याबाबतीत घर मालकीचं आहे का, एवढंच बघतात.

यंत्राबद्दल थोडक्यात. स्प्लिट एसी खोलीतली उष्णता बाहेर फेकतो, हा पंप नेमकं उलट करतो: बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून रेडिएटरच्या पाण्यात सोडतो. विजेच्या एका युनिटमागे साधारण तीन ते चार युनिट उष्णता मिळते. बाहेर शून्याच्या खाली गेलं तरी तो चालतो. नॉर्वे-स्वीडनमध्ये लोक याच्यावरच हिवाळे काढतात.

अर्ज कोण करतं?

तुम्ही नाही, इन्स्टॉलर करतो. हे कळलं की निम्मी धाकधूक जाते. इन्स्टॉलर एमसीएस (अशा यंत्रणा बसवणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी संस्था) प्रमाणित हवा. त्यांच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की जवळपासचे सापडतात. तुम्ही त्याचा कोट मान्य केलात की तो ऑफजेमकडे, म्हणजे गॅस-विजेच्या सरकारी नियामकाकडे, व्हाउचरसाठी अर्ज करतो. मग ऑफजेमकडून तुम्हाला ईमेल येतो: घर तुमचं आहे ना, या इन्स्टॉलरला तुमच्या वतीने अर्ज करायला सांगितलंय ना? त्याला तुम्ही होकार द्यायचा. हा ईमेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन बसतो आणि होकाराअभावी अर्ज अडकतो, म्हणून त्या दिवसांत स्पॅमचा फोल्डर रोज उघडून बघा.

व्हाउचर मंजूर झालं की हवेवरच्या पंपासाठी ते तीन महिने चालतं. तेवढ्यात पंप बसून, चालू होऊन, इन्स्टॉलरने पैसे मागायला हवेत. अनुदान तुमच्या खात्यात कधीच येत नाही. बिलातून ७,५०० वजा झालेले दिसतात. म्हणूनच ‘आधी पूर्ण पैसे भरा, अनुदान आलं की परत करतो’ असं कुणी म्हणालं, तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावेन.

पात्रतेतल्या अडचणीच्या जागा

सध्या गॅस, तेल किंवा साध्या विजेच्या हीटरवर चालणारं घर चालतं. पंपाने पूर्ण घराचं हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही सांभाळायला हवं. बॉयलर ठेवून जोडीला पंप, अशा हायब्रिड व्यवस्थेला पैसे नाहीत. घर भाड्याने दिलं असेल तरी मालकाला मिळतं, भाडेकरूला नाही. सोशल हाउसिंग (काउन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनची घरं) आणि बिल्डरची बहुतेक नवी बांधकामं बाहेर. स्वतः बांधून घेतलेलं घर मात्र आत. फ्लॅट लीजहोल्डवर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, असेल तर फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाची, लेखी परवानगी लागते, आणि खरं सांगायचं तर फ्लॅटवाल्यांचं गाडं इथेच अडतं.

स्कॉटलंडमध्ये ही योजना नाही. तिथे ‘होम एनर्जी स्कॉटलंड’कडून अनुदान आणि बिनव्याजी कर्ज मिळतं, आणि अर्जही घरमालकानेच करायचा असतो.

कागदपत्रं

यादी छोटी आहे. मालकीचा पुरावा, म्हणजे लँड रजिस्ट्रीतली नोंद. घराचं ईपीसी, म्हणजे ऊर्जा प्रमाणपत्र: ते दहा वर्षं चालतं आणि सरकारी नोंदवहीत पोस्टकोडवरून फुकट बघता येतं. मुदत संपली असेल तर इन्स्टॉलरला बोलावण्याआधी नवीन काढून ठेवा. पूर्वी त्या प्रमाणपत्रात माळ्याच्या किंवा पोकळ भिंतीच्या इन्सुलेशनची शिफारस दिसली की आधी ते काम करावं लागे. मे २०२४ मध्ये ती अट गेली. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून सही करण्याआधी सरकारी संकेतस्थळावरचं पान त्या दिवशी पुन्हा वाचा. सही मात्र सविस्तर लेखी कोटवरच: त्यात अनुदान वेगळ्या ओळीत दाखवलेलं हवं आणि व्हॅट शून्य. घरगुती हीट पंपावर ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट नाही, तेव्हा बिलात २० टक्के दिसले तर विचारा.

आता ज्या कागदाकडे कुणी बघत नाही तो: हीट लॉसचा हिशेब. इन्स्टॉलरने घरी येऊन प्रत्येक खोली मोजायला हवी: भिंत कसली, खिडकी किती मोठी, छताखाली इन्सुलेशन किती जाड, रेडिएटर केवढा. त्यावरून कडक थंडीच्या दिवशी घर किती उष्णता गमावतं तो आकडा निघतो आणि पंपाचा आकार ठरतो. तीन बेडरूमचं घर आहे म्हणून अमुक किलोवॅट, असं फोनवरच सांगणाऱ्याचा कोट बाजूला ठेवा. मोठा पंप म्हणजे चांगला पंप नव्हे. तो सतत चालू-बंद होतो आणि वीज खातो.

त्याच अहवालात आणखी एक आकडा शोधा: फ्लो टेंपरेचर, म्हणजे पंपातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान. ५५ अंश लिहिलं असेल तर विचारा, ‘दोन-तीन रेडिएटर मोठे केले तर ४५ वर येईल का? त्याला किती पडतील?’ गेली काही वर्षं इथे विजेचं युनिट गॅसच्या सुमारे चौपट महाग आहे. एका युनिटचे अडीच करणारा पंप बिल वाढवतो, साडेतीन-चार करणारा ते गॅसच्या बरोबरीला किंवा खाली आणतो. हा फरक बव्हंशी या एका आकड्यात आहे. त्यासाठी रेडिएटरवर घातलेले काहीशे पौंड मला कधीच जास्त वाटले नाहीत.

परवानग्या आणि जागा

इंग्लंडमध्ये बहुतेक घरांना काउन्सिलची परवानगी लागत नाही. शेजाऱ्याच्या हद्दीपासून पंप एक मीटर लांब ठेवण्याची जुनी अट मे २०२५ मध्ये उठली, त्यामुळे टेरेस हाउसवाल्यांची (ओळीत एकमेकांना चिकटलेली घरं) मोठी सोय झाली. पंपाच्या आवाजाचा हिशेब मात्र लेखी हवाच. लिस्टेड (वारसा म्हणून संरक्षित) इमारत असेल तर आधी काउन्सिल, आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत. वीजपुरवठ्याच्या स्थानिक नेटवर्क कंपनीला कळवणं हे इन्स्टॉलरचं काम. पण घराची मुख्य केबल शेजाऱ्याच्या घरातून आली असेल तर ती सोडवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून हे पहिल्याच भेटीत तपासून घ्या.

घरात कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय लागेल तसं पाणी तापवणारा) असेल तर गरम पाण्याच्या टाकीला जागा काढावी लागेल. चौघांच्या घराला सुमारे २०० लिटरची टाकी, म्हणजे एक कपाट गेलंच समजा.

बसल्यानंतर

एमसीएस प्रमाणपत्र, बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र, वॉरंटी आणि कमिशनिंगचा (पंप चालू करून तपासल्याचा) कागद एका फाइलमध्ये ठेवा. घर विकताना सॉलिसिटर नेमके हेच मागतो. वॉरंटी टिकायला दरवर्षी सर्व्हिस लागते.

चालवताना जुनी सवय मोडावी लागते. गॅसवर आपण सकाळी तासभर, संध्याकाळी दोन तास हीटिंग लावतो. पंप मंद आचेवर दिवसभर चालू द्यायचा; रात्री फार तर एक-दोन अंश खाली. ‘वेदर कॉम्पेन्सेशन’ चालू आहे ना, हे इन्स्टॉलर जाण्याआधी बघून घ्या: बाहेर थंडी वाढेल तसं पाणी आपोआप जास्त गरम होतं. रेडिएटर हाताला कोमट लागतील. पुण्याहून आलेले आई-बाबा त्यावर हात ठेवून ‘अहो, हे बंदच आहे’ म्हणतील आणि थर्मोस्टॅट २६ वर नेतील. त्यांना भिंतीवरचा खोलीच्या तापमानाचा आकडा दाखवा आणि ऊबदार पायमोजे द्या.

कडाक्याच्या थंडीत पंप मधेच थांबतो, वाफेचा पांढरा लोट सोडतो आणि पुन्हा सुरू होतो. तो अंगावरचा बर्फ वितळवत असतो, तक्रार नोंदवायची गरज नाही. मात्र ते पाणी पायवाटेवर जाऊन गोठणार नाही अशी सोय हवी. टाकीतलं पाणी एरवी ५०च्या आसपास पुरतं. जिवाणू वाढू नयेत म्हणून ठरावीक दिवसांनी यंत्रणा ते ६० पर्यंत नेते, ती सेटिंग बंद करू नका.

राहिला स्वयंपाकाचा गॅस. अनुदानासाठी शेगडी काढायची सक्ती नाही. पण मीटर राहिला की गॅसचा रोजचा स्थिर आकार भरावा लागतोच, एक युनिट वापरा नाहीतर दहा. इंडक्शनवर गेलात तर तो वाचतो, पण फुलका आचेवर धरून फुगवता येत नाही. कित्येक मराठी घरांत गॅसचा मीटर निव्वळ त्याच्यासाठी ठेवलाय.