व्यवसायोपचार, बालकांसाठी

जेवणे, कपडे घालणे, खेळणे, लिहिणे यांसारखी वयानुरूप कामे संवेदनांच्या किंवा हालचालींच्या अडचणींमुळे ज्या मुलांना जमत नाहीत, त्यांना ती जमावीत म्हणून योजलेली उपचारपद्धती. व्यवहारात तिला ऑक्युपेशनल थेरपी किंवा नुसते ‘ओटी’ म्हणतात. नावातील ‘व्यवसाय’ हा शब्द फसवा आहे. पोटापाण्याच्या उद्योगाशी त्याचा संबंध नसून माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सगळी येथे अभिप्रेत आहेत, आणि मुलाच्या दिवसात मोठा वाटा खेळाचा असतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे), स्वमग्नता (ऑटिझम), डाउन सिंड्रोम यांबरोबरच शालेय वयातील सुमारे ५ ते ६ टक्के मुलांत आढळणारा विकासात्मक समन्वय विकार (हालचालींचा मेळ वयानुरूप न बसणे), ही उपचार सुरू होण्याची नेहमीची कारणे होत.

परिचित पाच संवेदनांखेरीज अंतर्कर्णातून येणारी तोलाची आणि स्नायू व सांध्यांतून येणारी शरीरस्थितीची अशा आणखी दोन संवेदनांना येथे फार महत्त्व आहे. हात कोठे आहे आणि किती जोर लावतो आहे याची जाणीव अपुरी असेल, तर पेन्सिलीचे टोक मोडते, कागद फाटतो आणि मूल मात्र ‘धसमुसळे’ ठरते. उलट, स्पर्शाला अतिसंवेदनशील असलेल्या मुलाला सदऱ्याच्या कॉलरमागची पट्टीही असह्य होते. अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ जीन एअर्स (१९२०–८८) यांनी अशा वर्तनाची सांगड मेंदूतील संवेदनांच्या एकात्मीकरणाशी, म्हणजे निरनिराळ्या संवेदनांचा मेळ घालण्याशी, घातली. उपचारकक्षातील झोके, ढकलण्या-ओढण्याचे आणि चढण्याचे खेळ हे त्यांच्याच विचाराचे फलित होय.

या विचारावर वादही आहे. २०१३ पासून संवेदनांना मिळणारा अतितीव्र वा मंद प्रतिसाद अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात स्वमग्नतेच्या निकषांत मोडतो. मात्र ‘संवेदन प्रक्रिया विकार’ असे स्वतंत्र निदान सहसा करू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये सुचवले. वजनदार जाकिटांसारख्या साधनांचा पुरावा तोकडाच आहे. झोक्यावरचा तास मुलाला आवडला, एवढ्याने उपचार लागू पडला असे म्हणता येत नाही.

कारक, म्हणजे हालचालींच्या, कौशल्यांसाठी प्रत्यक्ष कामाचाच सराव अधिक भरवशाचा ठरतो. बटण लावणे शिकवताना उपचारक ते काजातून अर्धे बाहेर काढून ठेवतो आणि मुलाला फक्त शेवटचे ओढायला लावतो. ते साधले की एकेक पायरी मागे सरकतो, त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाच्या शेवटी बटण मुलाच्याच हातून लागते. पेन्सिलीची पकड सुधारण्यासाठी खडूचा जेमतेम इंचभर तुकडा देतात, कारण तो मुठीत धरून लिहिताच येत नाही, बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो. उभ्या फळ्यावर लिहिताना मनगट आपोआप मागे वळते, हाही त्यातलाच उपाय.

जेथे सरावाने भागत नाही तेथे साधन बदलतात : जाड मुठीचा चमचा, बटणाऐवजी वेल्क्रो, किंवा पाय जमिनीला टेकतील एवढी बुटकी खुर्ची. पाय लोंबकळत असले की धड स्थिर राहत नाही आणि मग अक्षरही वळत नाही, त्यामुळे हस्ताक्षराची तपासणी पुष्कळदा खुर्चीपासून सुरू होते.