बिस्किट सादळू द्या

पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट लागलं नाही की बिस्किटं सादळतात आणि मग घरात सगळ्यांची चौकशी होते, कुणी उघडं ठेवलं म्हणून. पण उन्हाळ्यात ओव्हनशिवाय आपण जो आंब्याचा थरांचा केक करतो ना, म्हणजे खाली मारी बिस्किटं, त्यावर चक्का, मग हापूसच्या फोडी, परत बिस्किटं, परत चक्का आणि सगळ्यात वर आंब्याची जेली, त्यात बिस्किटं सादळायलाच हवीत. नाही सादळली तर तो केक होतच नाही, नुसती बिस्किटं आणि श्रीखंड होतं. ओव्हनमध्ये जे काम उष्णता करते ते इथे पाणी करतं, फ्रीजमध्ये रात्रभर एका थरातून दुसऱ्या थरात सरकत.

बिस्किट भाजताना त्यातलं जवळजवळ सगळं पाणी उडून जातं, शेवटी तीन-चार टक्के उरतं. तेव्हा त्यातली साखर आणि स्टार्च काचेसारखे गोठलेले असतात, रेणूंना हलायला जागाच नसते, म्हणून ते कटकन मोडतं. त्यात पाणी शिरलं की रेणू एकमेकांवरून घसरायला लागतात आणि ती काच रबरासारखी मऊ होते, याला ग्लास ट्रान्झिशन म्हणतात. चक्का कितीही घट्ट दिसला तरी निम्म्याहून जास्त पाणीच असतं त्यात, आणि शेजारी एवढं कोरडं बिस्किट असल्यावर ते पाणी तिकडे जाणारच.

आता किती वेळ लागेल? इथे एक गंमतीचा हिशोब आहे. छिद्रांमधून द्रव कसा चढतो याचं समीकरण एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडलं, आणि पुढे लेन फिशर या शास्त्रज्ञाने तेच चहात बुडवलेल्या बिस्किटाला लावलं, त्याबद्दल त्याला १९९९ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं बक्षीस, मिळालं. सांगायचं म्हणजे अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. चक्क्यातून ओल हळूहळू झिरपते तेव्हाही हिशोब असाच असतो. म्हणून दोन बिस्किटं एकावर एक ठेवू नका. एकच बिस्किट चक्क्याच्या मधे असेल तर ओल वरून आणि खालून दोन्हीकडून येते आणि ५-६ तासात ते मऊ होतं, दोन ठेवलीत तर मधला भाग दुसऱ्या दिवशी सकाळीही कडकच लागतो. घाई असेल तर बिस्किट दुधात बुडवून लगेच काढा, अगदी सेकंदभर, कारण छिद्रांतून दूध भराभर चढतं आणि जरा जास्त राहिलं की बिस्किट हातातच गळून पडतं.

तळाचा थर कुरकुरीत हवा असेल तर मात्र उलटं करायचं. बिस्किटांचा चुरा वितळलेल्या बटरमध्ये कालवून भांड्यात दाबून बसवायचा आणि आधी फ्रीजमध्ये गार करायचा. चुऱ्याच्या कणांवर फॅटचा लेप बसतो, त्यातून पाणी सहज जात नाही, त्यामुळे एकाच केकमध्ये मधलं बिस्किट मऊ आणि तळ रवाळ असं दोन्ही मिळतं. फक्त बटर ३२ ते ३५ अंशाला वितळतं, म्हणजे मे महिन्यात ओट्यावर ठेवलेला तळ ढासळणार हे धरून चला.

क्रीमऐवजी मी चक्का वापरते आणि कारण चवीइतकंच फॅटचंही आहे. दुकानात फ्रेश क्रीम म्हणून मिळतं त्यात साधारण २५ टक्के फॅट असतं, ते कितीही फेटा, घट्ट होत नाही. हवेच्या बुडबुड्यांभोवती फॅटच्या गोळ्यांची साखळी बांधली जायला निदान ३० टक्के फॅट लागतं आणि तेही फ्रीजमधलं गार, कोमट क्रीममध्ये फॅट पातळ असतं म्हणून साखळी टिकत नाही. चक्क्याचं हे सगळं झंझट नाही. विरजणातल्या जिवाणूंनी लॅक्टिक आम्ल केलं, आम्लता ४.६ पीएचच्या आसपास आली की दुधातलं केसीन हे प्रोटीन जाळीसारखं जमतं, मग फडक्यात बांधून टांगलं की जाळी राहते आणि पाणी निथळतं. पण साखर घातल्यावर चक्का सैल पडतो, हे श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. १०० ग्रॅम साखर विरघळली की साधारण ६० मिली जागा घेते, म्हणजे तुम्ही त्यात तेवढा द्रवच वाढवला. म्हणून चक्का चांगला रात्रभर टांगायचा आणि साखर हात राखून, गोडवा आंब्याचा येऊ द्यायचा. फोडींना तर साखर लावायचीच नाही, लोणच्यात कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं तसंच इथे सुटतं आणि थर वाहायला लागतात.

आता अननस. एका वाढदिवसाला मी आंब्याऐवजी ताजा अननस चिरून घातला होता, केक दिसायला इतका सुंदर झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी कापला तर चक्का पातळ आणि चक्क कडू. मला वाटलं दही खराब झालं. दही चांगलंच होतं, अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं ते प्रोटीनचे तुकडे करतं, केसीनचे तुकडे झाले की त्यातले काही कडू लागतात, आणि जाळीच तुटल्यावर चक्का पातळ होणारच. किवी, कच्ची पपई, ताजं अंजीर यांच्यातही असलीच एन्झाइम्स असतात. उपाय सोपा आहे, अननसाच्या फोडी साखरेत पाच-सात मिनिटं नीट उकळून घ्या, उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. डब्यातला अननस याच कारणाने चालतो, तो आधीच तापवलेला असतो.

जिलेटिनही प्रोटीनच, म्हणून ताज्या अननसाची जिलेटिनवाली जेली जमत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरात जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं म्हणून चालत नाही, तिथे चायना ग्रास वापरतात, म्हणजेच अगार. हे लाल समुद्री शेवाळापासून करतात, तमिळनाडूत मन्नारच्या आखाताच्या काठच्या बायका पाण्यात उतरून ते शेवाळ गोळा करतात. अगार म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, त्यात प्रोटीन नाही, त्यामुळे अननसाचं एन्झाइम त्याचं काही करू शकत नाही.

याची एक गोष्ट मला फार आवडते. १८८१ मध्ये जर्मनीत वॉल्टर हेस्से हे डॉक्टर जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचा प्रयत्न करत होते आणि जिलेटिनची थाळी उबेत ठेवली की वितळायची, शिवाय काही जिवाणू स्वतःच जिलेटिन पचवून पातळ करायचे, अगदी अननस करतो तसं. त्यांची बायको फॅनी घरी अगार घालून जेली आणि पुडिंग करायची, इंडोनेशियातल्या जावा बेटावर राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून लहानपणी न्यूयॉर्कमध्ये तिला ते कळलं होतं, आणि तिच्या जेली उन्हाळ्यातही वितळायच्या नाहीत. तिने सुचवलं, अगार वापरून बघा. १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाच्या जिवाणूवरच्या निबंधात अगारचा उल्लेख केला, पण फॅनीचं नाव त्यात नाही. आज जगभरच्या लॅबमध्ये अगारच्या थाळ्या वापरतात, आणि हे ज्ञान आलं ते स्वयंपाकघरातून, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

अगार वितळतं साधारण ८५ अंशाला पण घट्ट होतं ३५ ते ४० अंशाला, हा एवढा मोठा फरक फार उपयोगाचा आहे, एकदा जमली की नागपूरच्या ४५ अंशातही जेली टेबलावर उभी राहते. पण त्यातच फसायलाही होतं. फ्रीजमधल्या गार आमरसात उकळतं अगार ओतलं की ते रस लागताच जागच्या जागी गोठतं आणि नुसते धागे-गोळे होतात. म्हणून आमरस आधी बाहेर काढून ठेवा. ५ ग्रॅम चायना ग्रास बारीक तोडून पाव लिटर पाण्यात तासभर भिजवा, पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, गॅस बंद करून मग पाव लिटर रस घाला. रस त्यात उकळायचा नाही, आंबट फळाबरोबर उकळलं तर आम्लाने अगारच्या साखळ्या तुटतात आणि जेली ढिली पडते.

जेली चक्क्यावर ओतताना हाताला कोमट लागली पाहिजे, चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा, नाहीतर चक्क्यात खड्डे पडतात. चक्क्यावर पाणी तरंगत असेल तर टिश्यूने टिपून घ्या आणि काट्याने हलक्या रेघा ओढा, गुळगुळीत ओल्या थरावर जेली धरत नाही आणि कापताना आख्खी सटकून ताटात येते. कुठेच काही भाजलेलं नाही त्यामुळे फळं स्वच्छ धुवा, हात आणि सुरी कोरडी ठेवा, आणि दोन दिवसात संपवा.

आणि कापायची घाई नको. रात्री थर लावले तर दुसऱ्या दिवशी दुपारी सुरी घाला, मधे थांबवत नसेल तर कडेने एक काडी टोचून बघा, बिस्किटात ती न अडकता खाली गेली की झालं.