गरोदरपण आणि लैंगिक वस्तुकरण : विमानसेविकांचा नियम

स्त्रीला माणूस म्हणून न मोजता, पाहणाऱ्याच्या सुखासाठी मांडलेले शरीर म्हणून मोजणे याला लैंगिक वस्तुकरण म्हणतात. बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये याचा सिद्धान्त मांडला. गरोदरपणात ही नजर गडबडते. ऑगस्ट १९९१ च्या ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाच्या मुखपृष्ठावर सात महिन्यांची गरोदर अभिनेत्री डेमी मूर विवस्त्र दिसली, तेव्हा अमेरिकेतल्या काही दुकानांनी अंक कागदात गुंडाळून विकला. पण मुखपृष्ठावरून फार तर वाद होतो. हीच नजर सेवाशर्तींत उतरली की नोकरी जाते.

त्याचे ठळक भारतीय उदाहरण एअर इंडियाचे. या कंपनीच्या नियम ४६ नुसार विमानसेविकेने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास लग्न होताच, किंवा पहिल्यांदा दिवस राहताच निवृत्त व्हायचे. यांपैकी जे आधी घडेल ते. मुदतवाढ द्यायची की नाही, हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात ट्रे उचलणारा पुरुष सहायक पर्सर (प्रवाशांची सेवा करणारा विमान-कर्मचारी) मात्र ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीत राही.

‘एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मीर्झा’ या खटल्यात कंपनीने वयोमर्यादेच्या समर्थनार्थ सांगितले की, नाना स्वभावांच्या प्रवाशांना तोंड द्यायला तरुण, आकर्षक सेविकाच बरी. हे एरवी कोणी कागदावर आणत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. फजल अली यांनी २८ ऑगस्ट १९८१ च्या निकालात हा युक्तिवाद विकृत ठरवून फेटाळला. चार वर्षे काम करवून घेतल्यावर केवळ गरोदर राहिली म्हणून काढणे म्हणजे तिला मूल होऊ न देण्याची सक्तीच, असे म्हणत गरोदरपणाची अट संविधानातल्या समानतेच्या हक्काच्या, म्हणजे अनुच्छेद १४ च्या विरुद्ध म्हणून रद्द केली. संचालकांचा मनमानी अधिकारही गेला.

निकाल इथपर्यंत वाचला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पुढे मात्र चार वर्षांच्या लग्नबंदीला न्यायालयाने हरकत घेतली नाही. कुटुंबनियोजनाला ती पूरकच मानली. सेविका आणि पर्सर हे दोन वेगळे वर्ग, म्हणून लिंगभेद झालेला नाही, असेही ठरवले. पहिल्या गरोदरपणाच्या अटीऐवजी कंपनीने सुचवलेली, दोन मुले हयात असताना तिसऱ्यांदा दिवस गेल्यास सेवा संपवण्याची तरतूद तर वाजवी ठरली. अपमान झाला तो ‘पवित्र स्त्रीत्वा’चा, ही निकालाची भाषा. मिरवण्याच्या बाहुलीची देवी झाली आणि शरीरावरचा ताबा दुसऱ्यांकडेच राहिला. पाहणाऱ्याला गरोदर बाई एक तर बेढब वाटते किंवा पूज्य. पगारी कामगार म्हणून ती दोन्हीकडे दिसत नाही.

तरीही सगळे खापर वस्तुकरणावर फोडता येत नाही. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस स्टेट बँकेने तीन महिन्यांहून अधिक गरोदर उमेदवारांना ‘तात्पुरते अपात्र’ ठरवणारे निकष काढले आणि टीका होताच जानेवारी २०२२ च्या अखेरीस मागे घेतले. बँकेच्या काउंटरवर आकर्षक दिसण्याची अट कधीच नव्हती. तिथे आडवे आले ते रजेचे आणि बदली माणसाचे गणित, आणि एअर इंडियाच्या नियमामागेही ते असणारच.