हा लोकलहोस्ट कोणाचा?

एका कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला बाकीच्यांपासून वेगळं ठेवणाऱ्या डब्यात, वेब ॲप्लिकेशन चालू आहे, दुसऱ्यात डेटाबेस. दोन्ही एकाच संगणकावर. ॲप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये डेटाबेसचा पत्ता आहे लोकलहोस्ट, आणि पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक, ५४३२. कंटेनर नव्हते तेव्हा हीच सेटिंग बिनबोभाट चालायची. आता पडद्यावर येतं, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. डेटाबेस चालू आहे, पोर्ट बरोबर आहे, पासवर्ड विचारण्यापर्यंत तर गाडी पोहोचलेलीच नाही. मग घोडं पेंड खातंय कुठे?

पत्त्यात. लोकलहोस्ट, म्हणजे १२७.०.०.१, याचा अर्थ 'मी स्वतः'. ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये गेल्यावर हा 'मी' म्हणजे अख्खा संगणक राहत नाही, फक्त तो एक कंटेनर उरतो. तिथे ५४३२ वर ऐकणारं कोणीच नाही.

कंटेनर म्हणजे छोटा संगणक, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. समजूत पटवायला ते ठीक आहे, पण लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, कंटेनर नावाची वस्तू ठाऊकच नाही. त्याच्या लेखी असते ती साधी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, जिला तो जगाचा मोजकाच भाग दाखवतो. कोणत्या फाइली दिसाव्यात, कोणत्या प्रोसेस दिसाव्यात, हे ठरवणाऱ्या या सोयीला नेमस्पेस म्हणतात. नेटवर्कची नेमस्पेस जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ या कर्नलपासून लिनक्समध्ये येऊ लागली. कंट्रोल ग्रुप्स, म्हणजे प्रोसेसरवर आणि मेमरीवर मर्यादा घालणारी सोय, त्याच आवृत्तीत आली. २०१३ मध्ये डॉकर हे कंटेनर चालवण्याचं साधन आलं ते या तयार भागांवर सोपी मूठ बसवून.

प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसला स्वतःची नेटवर्क कार्डं, स्वतःचं राउटिंग टेबल, स्वतःचे फायरवॉलचे नियम आणि पोर्टांची स्वतःची पूर्ण रांग मिळते. म्हणून एकाच संगणकावरचे दहा कंटेनर खुशाल पोर्ट ८० वापरतात आणि कोणाचं कोणाशी भांडण होत नाही. पण नुकत्याच तयार झालेल्या नेमस्पेसमध्ये लूपबॅकखेरीज, म्हणजे स्वतःशीच बोलायच्या १२७.०.०.१ वाल्या मार्गाखेरीज, काहीच नसतं, आणि तोही बंद असतो. थोडक्यात, कंटेनर मुळात एकाकी असतात. जोडणी हा नंतर मुद्दाम करायचा उद्योग आहे.

नेमस्पेस सामायिकही करता येते. अनेक संगणकांवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसमध्ये एका पॉडमधले, म्हणजे एकत्र चालणाऱ्या गटातले, सगळे कंटेनर एकच नेटवर्क नेमस्पेस वापरतात, त्यामुळे तिथे लोकलहोस्टने शेजाऱ्याला हाक मारता येते. अर्थात मग पोर्ट ८० दोघांना मिळत नाही.

एरवी मात्र केबल टाकावी लागते. लिनक्समध्ये ही केबल आभासी असते आणि तिला व्हीईथ म्हणतात. ती नेहमी जोडीनेच जन्माला येते. एका टोकाला टाकलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, दुसऱ्या टोकातून बाहेर पडतं, बस्स. डॉकर एक टोक कंटेनरच्या नेमस्पेसमध्ये सरकवतं आणि दुसरं होस्टवरच्या, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतात त्या संगणकावरच्या, ब्रिजला जोडतं. ब्रिज म्हणजे सॉफ्टवेअरमधला नेटवर्क स्विच. डॉकर बसवल्यावर असा एक ब्रिज आपोआप तयार होतो. होस्टचा पत्ता बहुधा १७२.१७.०.१, पहिल्या कंटेनरचा १७२.१७.०.२, आणि पुढे क्रमाने. तार कुठेच नाही. पॅकेट कर्नलच्या मेमरीतच एका हातातून दुसऱ्या हातात जातं.

ही जोडी डोळ्यांनी पाहता येते. कंटेनरच्या आत नेटवर्क कार्डांची यादी काढली की कार्डाच्या नावाला एक आकडा चिकटलेला दिसतो. समजा तो ७ आहे. बाहेर येऊन होस्टवरची यादी काढा आणि सातव्या क्रमांकाचं कार्ड शोधा. तेच केबलचं दुसरं टोक. कोणत्या कंटेनरची कोणती तार, हे एवढ्यावरून कळतं. अडचणीच्या वेळी याच टोकावर पॅकेट पकडून बघता येतात.

आता पत्ते. १७२.१७.०.२ हा पत्ता सेटिंगमध्ये लिहून टाकला तर आज काम होईल. कंटेनर नव्याने उभे राहिले आणि त्यांचा क्रम बदलला, की तोच पत्ता भलत्याकडे जाईल. म्हणून नावं हवीत. गंमत अशी, की डॉकरचा हा आयता ब्रिज नावं ओळखतच नाही. आपण स्वतः वेगळं नेटवर्क तयार केलं तरच ही सोय मिळते. तिथे प्रत्येक कंटेनरला नावांच्या चौकशीसाठी १२७.०.०.११ हा पत्ता दिलेला असतो. तिथे विचारलेला प्रश्न डॉकरकडे जातो, आणि कोणत्या नावाचा कंटेनर सध्या कोणत्या पत्त्यावर आहे, हे डॉकरइतकं कोणाला माहीत असणार? मग सेटिंगमध्ये लोकलहोस्टच्या जागी डेटाबेसच्या कंटेनरचं नाव लिहायचं आणि विषय संपला. आयता ब्रिज प्रयोगापुरता ठीक. खऱ्या कामासाठी तो वापरायला मला तरी एकही कारण दिसत नाही.

वेगळ्या नेटवर्कचा आणखी एक फायदा. दोन नेटवर्कांवरचे कंटेनर एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत, पण एक कंटेनर दोन्हींवर असू शकतो. दर्शनी वेब सर्व्हर एका नेटवर्कवर, डेटाबेस दुसऱ्यावर, आणि ॲप्लिकेशन दोन्हीकडे. वेब सर्व्हरमध्ये कोणी शिरकाव केलाच तरी त्याला डेटाबेसचा रस्ता थेट सापडत नाही.

बाहेरच्या जगाशी बोलणं हा वेगळा मामला. १७२.१७ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले असल्यामुळे इंटरनेटवर त्यांना कोणी विचारत नाही. कंटेनरमधून बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर होस्ट स्वतःचा पत्ता घालतो आणि उत्तर आलं की मूळ कंटेनरकडे वळवतो. बाहेरून आत यायचं असेल तर पोर्ट उघडावं लागतं. ८०८०:८० असं लिहिलं, की होस्टच्या ८०८० वर आलेलं पॅकेट कंटेनरच्या ८० वर जातं. इथे दोन हमखास घोटाळे होतात. शेजारच्या कंटेनरने ८०८० वापरायचं नसतं, त्याच्यासाठी ८०च. आणि आतला प्रोग्रॅम फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर पोर्ट उघडूनही उपयोग नाही, कारण पॅकेट केबलवरून येतं, लूपबॅकवरून नाही. त्याला ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या कार्डांवर ऐकायला सांगावं लागतं.

त्याहून गंभीर म्हणजे, असं उघडलेलं पोर्ट होस्टच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतं. लिनक्सवर यूएफडब्ल्यू नावाची सोपी फायरवॉल लावून निर्धास्त झालेल्यांना तर ते दिसतही नाही. डॉकरचे नियम पॅकेटला आधीच वेगळ्या वाटेने वळवतात आणि यूएफडब्ल्यूचे नियम बाजूला राहतात. डेटाबेसचं पोर्ट 'असू दे' म्हणून उघडायची सवय त्यामुळे महागात पडू शकते. एकाच नेटवर्कवरच्या कंटेनरना आपसात बोलायला पोर्ट उघडावं लागतच नाही.

कंटेनर दोन वेगळ्या संगणकांवर असले, की ब्रिज पुरत नाही. तेव्हा पाकिटात पाकीट घालतात. कंटेनरकडून निघालेली पूर्ण इथरनेट फ्रेम, म्हणजे आतलं पाकीट, एका साध्या यूडीपी पॅकेटच्या पोटात ठेवून दुसऱ्या होस्टकडे पाठवायची, तिथे वरचं पाकीट फाडायचं. व्हीएक्सलॅन ही त्याची प्रचलित रीत. तिचं वर्णन २०१४ च्या आरएफसी ७३४८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे आणि पोर्ट ४७८९. एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्कं चालवणाऱ्या जुन्या व्हीलॅनमध्ये नेटवर्कच्या क्रमांकाला १२ बिट होते, म्हणजे ४,०९६ क्रमांक. इथे २४ बिट आहेत, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त.

या वरच्या पाकिटाला ५० बाइट लागतात, आणि त्यातून एक चमत्कारिक बिघाड निघतो. साधारण इथरनेटवर एका खेपेला १,५०० बाइट जातात. मग आत १,४५० च उरले. कंटेनरला हे कोणी सांगितलं नसेल तर तो १,५०० चं पॅकेट तयार करतो, ते मावत नाही आणि बऱ्याचदा वाटेतच गुपचूप टाकून दिलं जातं. पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी छोटी हाक, व्यवस्थित चालतं. लॉगिन होतं. छोटी क्वेरी झटकन उत्तर देते. मोठी यादी मागितली की सगळं गोठतं, आणि संशय डेटाबेसवर जातो. खात्री करायला कंटेनरमधून, पॅकेटचे तुकडे करायला मनाई करून, पिंगचा आकार वाढवत न्यावा. पिंगची स्वतःची शीर्षकं २८ बाइट घेतात. म्हणून १,४२२ ला उत्तर आलं आणि १,४७२ ला आलं नाही, तर डेटाबेसला हात लावायचं कारण नाही. कंटेनरच्या कार्डाची मर्यादा १,४५० करायची.